स्तन काढल्यानंतरचे पहिले सहा आठवडे : जखम, ड्रेन आणि मुख्यतः हात

स्तनाच्या कर्करोगासाठी पूर्ण स्तन काढण्याची शस्त्रक्रिया झाली की घरातल्या सगळ्यांचे लक्ष जखमेवर खिळते. जखम बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत वरून भरून येते. मागे राहतो तो त्या बाजूचा हात. माझ्या आईची शस्त्रक्रिया झाली तेव्हा आम्ही जखमेला इतके जपले की हाताचा विसरच पडला. शेजारपाजारच्या प्रत्येक बाईने ‘हात हलवू नका, टाके तुटतील’ असे बजावले होते, आम्हालाही ते पटले होते, आणि पाचव्या आठवड्यात तिचा हात कानाच्या वर जाईना. रेडिएशन घेताना तो हात डोक्यामागे ठेवून निश्चल पडून राहावे लागते, हे आम्हाला त्या विभागात गेल्यावर कळले. खांदा मोकळा होईपर्यंत पुढची तारीख घ्यावी लागली. पुढे लिहिले आहे ते ही चूक इतरांकडून होऊ नये म्हणून. डॉक्टरांनी दिलेल्या सूचना यापेक्षा वेगळ्या असतील तर त्याच पाळाव्यात, कारण रुग्णाची जखम त्यांनी पाहिलेली असते.

काय काढले आहे, हे आधी समजून घ्यावे

डिस्चार्ज कार्डावर ‘एमआरएम’ ही अक्षरे दिसली तर संपूर्ण स्तन, स्तनाग्र आणि काखेतल्या लसीका ग्रंथी काढल्या आहेत, पण छातीचे मोठे स्नायू शाबूत आहेत, असा त्याचा अर्थ असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील शल्यविशारद विल्यम हालस्टेड यांनी रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत हे स्नायूही काढले जात, त्यामुळे छाती खोल जाई आणि हात कायमचा दुबळा होई. वडीलधाऱ्या मंडळींच्या बोलण्यात अजून डोकावणारी भीती बरीचशी त्या काळातली आहे. आज स्नायू जागेवर असतात, म्हणूनच हात पूर्ववत वर जाण्याची अपेक्षा धरता येते.

काखेत नेमके काय केले, हा प्रश्न डॉक्टरांना आवर्जून विचारावा. काही स्त्रियांच्या काखेतल्या केवळ एक-दोन ‘सेंटिनल’ ग्रंथी, म्हणजे स्तनातून निघणारा द्रव सर्वांत आधी पोहोचतो त्या, तपासणीसाठी काढलेल्या असतात, तर काहींच्या काखेची पूर्ण सफाई केलेली असते. हाताला पुढे सूज येण्याचा धोका मुख्यतः यावर ठरतो. ग्रंथींची सफाई झालेल्या साधारण पाचांपैकी एका स्त्रीला ती सूज येते. केवळ सेंटिनल ग्रंथी काढल्या असतील तर हे प्रमाण वीसांत एकाच्या आसपास असते. त्याच शस्त्रक्रियेत इम्प्लांट बसवून किंवा पाठीचा अथवा पोटाचा भाग वापरून स्तनाची पुनर्रचना केली असेल, तर व्यायामाचे आणि झोपण्याचे नियम बदलतात. अशा वेळी खालचे वेळापत्रक जसेच्या तसे लागू करू नये.

रुग्णालयातले दिवस

शुद्धीवर आल्यानंतर, सामान्यतः त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी, रुग्णाला उठवून बसवतात आणि चालायला लावतात. छातीवर टाके असल्याने खोल श्वास घ्यायची भीती वाटते, पण उथळ श्वासाने फुप्फुसात कफ साठतो. म्हणून तीन रंगीत गोट्यांचे जे यंत्र देतात त्यातून दर तासाला काही वेळा श्वास आत ओढावा, आणि खोकताना छातीवर उशी घट्ट धरावी. मूठ उघडणे-मिटणे आणि कोपर वाकवणे याच दिवसापासून सुरू करायचे असते. त्याने टाक्यांवर ताण येत नाही. वेदनाशामक गोळ्या पहिले काही दिवस, दुखो वा न दुखो, सांगितलेल्या वेळेला घ्याव्यात, कारण दुखणे वाढल्यावर घेतलेली गोळी उशिरा लागू पडते आणि दुखऱ्या हाताने व्यायाम होत नाही. काही वेदनाशामकांनी बद्धकोष्ठता होते. भरपूर पाणी, पालेभाजी आणि डॉक्टरांना विचारून इसबगोल, एवढ्याने ती बहुधा आटोक्यात राहते.

ड्रेन सांभाळण्याची पद्धत

स्तन आणि ग्रंथी काढल्यावर आत जी पोकळी राहते तिथे रक्तमिश्रित पाणी पाझरत असते. ते बाहेर यावे म्हणून एक किंवा दोन नळ्या त्वचेखालून काढून बाटलीला जोडलेल्या असतात. आपल्याकडे बहुधा वळ्यावळ्यांची, हार्मोनियमच्या भात्यासारखी दाबता येणारी प्लॅस्टिकची बाटली देतात. बाटली दाबून बंद केली की ती फुगू पाहते आणि त्या ओढीने पाणी बाहेर खेचले जाते. म्हणजेच बाटली चपटलेली असणे हे ती काम करत असल्याचे लक्षण आहे. पुष्कळ रुग्ण ड्रेनसह घरी येतात, आणि नर्सने एकदा घाईने दाखवलेली कृती घरी आल्यावर आठवत नाही. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी घरातल्या एकाने ती नर्ससमोर स्वतः करून दाखवावी, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

रोज ठरलेल्या वेळी, समजा सकाळी आठ वाजता, साबणाने हात धुवावेत. नळीवरची चिमटी बंद करावी, बाटलीचे झाकण उघडून आतले पाणी मापाच्या पेल्यात ओतावे आणि ते किती मिलिलिटर भरले ते पाहावे. झाकणाच्या आतल्या भागाला बोट लावू नये. मग बाटली पूर्ण दाबून, दाबलेल्या अवस्थेतच झाकण लावावे आणि शेवटी चिमटी उघडावी. ही शेवटची पायरी विसरली जाते. आमच्याकडे एकदा चिमटी रात्रभर बंद राहिली आणि सकाळी ड्रेसिंग ओले झाले होते. नळीत रक्ताची गुठळी अडकलेली दिसल्यास त्वचेजवळची नळी एका हाताने घट्ट धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी नळी दूध काढल्यासारखी दाबत गुठळी बाटलीच्या दिशेने हळूहळू सरकवावी. मोजलेले पाणी शौचालयात टाकून पेला धुवावा, आणि तारीख, माप आणि रंग वहीत लिहावा. दोन ड्रेन असतील तर दोन स्वतंत्र रकाने ठेवावेत, बेरीज करू नये.

रंग पहिल्या दोन दिवसांत लाल, नंतर गुलाबी आणि पुढे फिकट पिवळा होत जातो. सामान्यतः लागोपाठ दोन दिवस २४ तासांतले माप ३० मिलिलिटरच्या खाली आले की ड्रेन काढतात; त्याला एक ते दोन आठवडे लागतात, क्वचित जास्तही. माझ्या आईचा ड्रेन तेराव्या दिवशी निघाला. लवकर काढून टाका असा तगादा डॉक्टरांकडे लावू नये, कारण मग तेच पाणी आत साठते.

बाटली लोंबकळती ठेवल्यास नळीच्या टाक्याला ओढ बसते. जुन्या सुती साडीची छोटी झोळी शिवून ती गळ्यात किंवा कमरेला अडकवली की चालता-फिरता येते. बाटली नेहमी छातीपेक्षा खाली असावी.

माप एकदम वाढून गडद लाल रक्त येऊ लागले, बाटली पुन्हा पुन्हा फुगत असली, नळी बाहेर सरकली, पाण्याला दुर्गंधी आली किंवा ते पुवासारखे घट्ट झाले, तर ओपीडीच्या वाराची वाट पाहू नये. ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, जखमेभोवतीची लाली पसरत चालली किंवा टाक्यांच्या कडेची त्वचा काळी पडू लागली तरीही त्याच दिवशी दाखवावे. अचानक धाप लागणे किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे हे रक्ताची गुठळी झाल्याचे लक्षण असू शकते. तेव्हा सरळ तातडीच्या विभागात जावे.

घरातली व्यवस्था

ड्रेन असेपर्यंत अंघोळीऐवजी ओल्या पंचाने अंग पुसावे. कमरेखाली पाणी घेता येते. टाके किंवा स्टेपल साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. जखमेवर हळद, खोबरेल, राख, कोणाच्या तरी गावाकडचा लेप, यांतले काहीही लावू नये. त्या काखेत पावडर वा डिओडरंटही नको.

कपडे समोरून उघडणारे असावेत. पुढे बटणांचा गाऊन किंवा घरातल्या पुरुषाचा सैल सुती शर्ट सर्वांत सोयीचा; घालताना आधी शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात बाहीत घालावा आणि काढताना तो शेवटी बाहेर काढावा. त्या हातातल्या बांगड्या, पाटल्या आणि अंगठी उतरवून ठेवाव्यात. बांगडी काढण्यावरून सासूबाई किंवा मावशी कुरकुरल्या तर दुसऱ्या हातात हवे तेवढे चुडे भरावेत. झोपताना पाठीवर झोपून तो हात उशीवर, छातीपेक्षा किंचित उंच ठेवावा. दुसऱ्या कुशीवर झोपल्यास पुढे उशी घेऊन हात तिच्यावर टेकवावा.

खाण्याच्या बाबतीत आपल्याकडे पथ्यांचा इतका सुकाळ असतो की बरे होणाऱ्या बाईला नुसता मऊ भात मिळतो. जखम भरायला प्रथिने लागतात. वरण, उसळी, दूध, दही, पनीर, अंडी, मासे, चिकन, जे घरात चालते ते प्रत्येक जेवणात असावे. आंबट खाल्ल्याने जखमेत पू होत नाही. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवणे मात्र खरोखर महत्त्वाचे आहे. आणखी एक गोष्ट, जी बायका डॉक्टरांना सांगत नाहीत : मिश्री आणि तंबाखू. निकोटिनने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात आणि टाक्यांच्या कडेच्या त्वचेला रक्त कमी पडते. ज्या घरांत सकाळी चुलीपुढे मिश्री लावली जाते तिथे हा विषय न लाजता काढावा.

हाताचा व्यायाम

ड्रेन असेपर्यंत हात खांद्याच्या पातळीपर्यंतच, म्हणजे ९० अंशांपर्यंत न्यावा, असे बहुतेक ठिकाणी सांगतात. या मर्यादेत पुष्कळ काही करता येते. खांदे कानांकडे उचलून सोडणे, खांदे मागच्या बाजूने गोल फिरवणे, मूठ आणि कोपर, प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून तीन-चार वेळा, हा पहिल्या आठवड्याचा पाठ. त्याच हाताने घास घ्यावा, तोंड धुवावे, आणि शक्य होताच केस विंचरावेत. वेणीफणी हा उत्तम व्यायाम आहे, पण तो घडतो तेव्हाच जेव्हा लेक किंवा सून प्रेमापोटी कंगवा हातातून काढून घेत नाही.

ड्रेन निघाला आणि डॉक्टरांनी होकार दिला की खरे काम सुरू होते. भिंतीसमोर वीतभर अंतरावर उभे राहून बोटांनी मुंगीसारखे भिंतीवर चढत जावे, जिथे ताण जाणवेल तिथे दहा अंक मोजेपर्यंत थांबावे आणि तसेच हळू उतरावे. त्या जागी पेन्सिलने खूण करून तारीख घालावी. दुसऱ्या दिवशीची खूण एखादे बोटभर वर गेली तरी पुरे. नंतर भिंतीला कुशी करून तसेच बाजूने चढावे. ही दिशा जास्त अवघड जाते. पाठीवर झोपून दोन्ही हातांत छत्री किंवा काठी आडवी धरावी आणि चांगल्या हाताच्या आधाराने दोन्ही हात डोक्यामागे न्यावेत. मग दोन्ही तळवे मानेमागे गुंफून कोपरे हळूहळू बाहेर उघडावीत. रेडिएशनच्या टेबलावर लागते ती अवस्था याच्या फार जवळची आहे. शेवटी अंघोळीनंतर पाठ पुसताना धरतो तसा पंचा पाठीमागे धरून वर-खाली करावा, म्हणजे ब्लाऊज किंवा ब्राचे मागचे हूक पुन्हा स्वतः लावता येतात.

किती ताणावे, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. ओढ जाणवावी, पण कळ येऊ नये, आणि व्यायामानंतर आलेले दुखणे तास-दीड तासात शमावे. हवे तर वेदनाशामक गोळीनंतर अर्ध्या तासाने व्यायाम करावा. चार ते सहा आठवड्यांत हात दुसऱ्या हाताएवढा वर जावा, हे ध्येय ठेवावे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भिंतीवरची खूण वर सरकत नसेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवण्यास उशीर करू नये.

व्यायाम आणि वजन उचलणे या दोन गोष्टी आपल्याकडे एकच समजल्या जातात. पहिले चार ते सहा आठवडे त्या हाताने दोन-तीन किलोंपेक्षा जास्त उचलू नये : पाण्याने भरलेली कळशी, मोठा कुकर, सिलिंडर, नातवंड यांपैकी काही नाही. कणीक तिंबणे, पिळे घालून कपडे पिळणे आणि गर्दीच्या बसमध्ये दांडी धरून लोंबकळणे हेही तूर्त टाळावे. स्कूटर डॉक्टरांना विचारूनच चालवावी.

या काळात घाबरवणाऱ्या, पण बहुधा निरुपद्रवी गोष्टी

ड्रेन काढल्यावर छातीवर किंवा काखेत पाण्याच्या फुग्यासारखी थलथलीत सूज येऊ शकते. तिला सीरोमा म्हणतात. ती गाठ परत आलेली नसते. मोठी असेल तर ओपीडीत सुईने पाणी काढतात, आणि तो भाग बधिर असल्याने सुई फारशी जाणवत नाही. दंडाच्या आतल्या बाजूची आणि काखेची बधिरता, मुंग्या किंवा चटचट याचे कारण काखेतून जाणारा एक नाजूक मज्जातंतू शस्त्रक्रियेत ताणला किंवा कापला जाणे हे असते. ती महिनोन्‌महिने, काहींना कायमही राहते. काढलेल्या स्तनाला खाज सुटल्याचा भास होतो, तोही खरा अनुभव आहे, मनाचे खेळ नव्हेत. काही आठवड्यांनी काखेपासून कोपराकडे, कधी मनगटापर्यंत, त्वचेखाली ताणलेल्या सुतळीसारखे काही जाणवले तर व्यायाम थांबवू नये. फिजिओथेरपिस्टच्या मदतीने ताणत राहिल्यास ही दोरी बहुधा काही आठवड्यांत सैल होते.

हाताची सूज

सूज शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनीही येऊ शकते, म्हणून ही काळजी सहा आठवड्यांत संपत नाही. सुरुवात हात जड वाटण्याने किंवा ब्लाऊजची बाही एकाच बाजूला घट्ट होण्याने होते. शिंप्याच्या फीतीने दोन्ही हातांचा घेर मनगटाशी, कोपराच्या १० सेंटिमीटर खाली आणि १० सेंटिमीटर वर मोजून शस्त्रक्रियेच्या आधीच वहीत लिहिला तर उत्तम, नाहीतर घरी येताच लिहावा, आणि महिन्यातून एकदा पुन्हा मोजावा. पूर्वीपेक्षा दोन सेंटिमीटरने फरक वाढला तर दाखवावे. लवकर पकडलेली सूज दाबाची बाही आणि विशिष्ट मालीश यांनी आटोक्यात ठेवता येते. मात्र बाही मोजमाप घेऊनच घ्यावी आणि मालीश शिकलेल्या व्यक्तीकडूनच करून घ्यावे. शेजारणीने तेल लावून रगडणे म्हणजे मालीश नव्हे.

त्या हाताला जंतुसंसर्ग होऊ न देणे हा प्रतिबंधाचा गाभा आहे. विळीवर चिरताना, काटेरी वांगी खुडताना, कापूस वेचताना किंवा खुरपणी करताना हातमोजा व पूर्ण बाही घालावी; कापले-भाजले तर लगेच धुऊन जंतुनाशक मलम लावावे. हात अचानक लाल, गरम आणि दुखरा झाला, सोबत हुडहुडी भरली, तर त्याच दिवशी प्रतिजैविक सुरू व्हावे लागते. रक्त काढणे, सलाइन आणि रक्तदाब यांसाठी शक्यतो दुसरा हात द्यावा. पण तातडीच्या प्रसंगी कोणी त्याच हाताला पट्टा बांधला तर अनर्थ होतो असेही नाही, त्याचे भय बाळगू नये. हळूहळू वाढवलेल्या व्यायामाने सूज वाढत नाही, त्यामुळे हात कायमचा झोळीत ठेवण्याचे कारण नाही.

रिपोर्ट आणि पुढचे उपचार

काढलेल्या भागाचा सविस्तर रिपोर्ट साधारण आठवडा-दोन आठवड्यांत येतो. गाठीचा आकार, कडा स्वच्छ आहेत का, किती ग्रंथी तपासल्या आणि त्यांतल्या किती बाधित निघाल्या, आणि ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का ते सांगणाऱ्या) व हर-टू (त्या नावाच्या प्रथिनाची) या तीन चाचण्यांचा निकाल यांवर किमो, रेडिएशन, हार्मोनच्या गोळ्या यांचा क्रम ठरतो. या रिपोर्टच्या तीन झेरॉक्स करून ठेवाव्यात, मूळ प्रत कोणाला देऊ नये, आणि पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेले गाठीचे तुकडे, परत मिळतात हेही लक्षात असावे. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेताना तेच मागतात. किमो पुढे असेल तर जखम भरल्यावर, साधारण तीन ते सहा आठवड्यांनी ती सुरू होते. कोणीतरी सुचवलेला काढा किंवा चूर्ण या काळात कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये.

खर्चाबाबत थोडक्यात : महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नोंदणीकृत रुग्णालयांत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, शिधापत्रिका आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, शक्यतो दाखल होण्यापूर्वीच, भेटावे. उपचारासाठी रेल्वेने जाणाऱ्या कर्करुग्णाला आणि एका सोबत्याला भाड्यात सवलत असते. तिचा अर्ज रुग्णालयच भरून देते.

आरशासमोर

पहिल्यांदा पट्टी निघते तेव्हा खाली पाहायचे की नाही, हे त्या स्त्रीने ठरवावे. कोणी आग्रह करू नये, आणि कोणी आरसा झाकूनही ठेवू नये. माझ्या आईने अकरा दिवस पाहिले नाही. बाराव्या दिवशी तिने स्वतः दार लावून घेतले, आणि बाहेर आल्यावर जेवायला काय आहे एवढेच विचारले. नवऱ्यानेही ड्रेसिंगच्या वेळी खोलीबाहेर जाऊ नये, जर तिला तो तिथे हवा असेल. शरीरसंबंध जखम भरल्यावर, तिला वाटेल तेव्हा ठेवता येतात. कर्करोग स्पर्शाने लागत नाही, हे सांगण्याची गरज अजूनही पडते. झोप उडणे, जेवण तुटणे आणि सतत रडू येणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर तेही ओपीडीत सांगण्याचे लक्षण आहे.

सुरुवातीला कापसाने भरलेला मऊ सुती पॅड सैल ब्रामध्ये पिन लावून ठेवता येतो. सहा ते आठ आठवड्यांनी, जखम पक्की झाली की, वजनाचा सिलिकॉनचा स्तन घेता येतो. उरलेला स्तन मोठा असेल तर वजन नसलेल्या बाजूने खांदा वर चढतो आणि मान-पाठ दुखते, त्यामुळे हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. सिलिकॉन परवडत नसेल तर दुहेरी सुती कापडाची पिशवी शिवून तिच्यात दुसऱ्या बाजूइतक्या वजनाची मोहरी भरावी आणि पावसाळ्यात ती वरचेवर बदलावी. काहीच न घालता वावरणाऱ्या स्त्रियाही आहेत, आणि पदर त्यांना पुरतो.

तपासण्या पहिली तीन वर्षे साधारण दर तीन ते सहा महिन्यांनी आणि दुसऱ्या स्तनाची मॅमोग्राफी वर्षातून एकदा असते. प्रत्येक भेटीला जाताना ती ड्रेनची आणि हाताच्या मापांची वही पिशवीत टाकावी. आमच्या वहीची मागची पाने आता आईच्या दूधवाल्याच्या हिशेबाने भरली आहेत, पण पुढची पाने डॉक्टर अजूनही उघडून पाहतात.